तुळशीचं उरलेलं पाणी

जुना झालोय मी, मित्रांनो. पाऊस मोजायचं भांडं आहे मी. पुस्तकात मला पर्जन्यमापक म्हणतात. शिरूर तालुक्यातल्या निमोण्याच्या शिवारात, मच्छिंद्रच्या बाजरीच्या रानात मी उभा आहे. अंग पत्र्याचं, तोंडाला पितळी काठ, आत नरसाळं आणि त्याखाली बाटली. एवढाच माझा संसार. आभाळातून पडेल ते पोटात घ्यायचं आणि सकाळी मोजणाऱ्याच्या हवाली करायचं.

पुण्यातल्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. कारागिरानं माझा काठ इतका गोल केला होता, की शेजारच्या डब्यांना हेवा वाटावा. पण हौसेनं घडवलं म्हणून कोणी हौसेनं वापरतं असं थोडंच आहे? एका कॉलेजच्या कोठीत तुटक्या बाकांमागं मी कितीतरी वर्षं पडून राहिलो. पाऊस मोजायला जन्मलेला मी, आणि डोक्यावर सिमेंटचं छप्पर! बाहेर सरी यायच्या, जायच्या. मी नुसता आवाज ऐकत बसायचो.

मग त्याच कॉलेजात शिकणारी प्रतिभा आली. ती दौंड तालुक्यातल्या खुटबावची. तिच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. जिकडं पाऊस तिकडं मेंढरं घेऊन माणसं हिंडायची. त्यामुळं ‘शेजारच्या गावात पडतो आणि आपल्याकडंच का नाही’ हा प्रश्न तिला घरातूनच मिळाला होता. त्यावरच तिचं संशोधन चाललं होतं. तिनं मला आणि माझ्या दोघा भावंडांना कोठीतून काढलं, पुसलं. एक भावंड खुटबावला गेलं, एक घोड नदीकाठी इनामगावला. मला तिनं एसटीत मांडीवर घेऊन निमोण्याला आणलं. कंडक्टर म्हणाला, “ताई, ह्या डब्याचं हाफ तिकीट काढा!” मला मुळीच राग आला नाही. इतक्या वर्षांनी आपली कोणी चेष्टा केली, याचंच बरं वाटलं.

आता आमच्या कुळाचा नियम ऐका. झाडापासून लांब, घरापासून लांब, कोणाची सावली अंगावर पडता कामा नये. गुरांनी शिंगं लावू नयेत म्हणून भोवती तारेचं कुंपण. मोजमाप खरं यायचं असेल तर एकटंच राहायचं. कोठीत निदान तुटके बाक तरी सोबतीला होते! इथं वस्तीवरच्या घरातली बोलणी वाऱ्यासोबत येतील तेवढीच ऐकायची.

मोजायचं काम मच्छिंद्रकडं होतं. प्रतिभानं त्याला बजावलं होतं, “दादा, आपल्या मनाचं काही कळवायचं नाही. आभाळ बघून नाही, शेजाऱ्याला विचारून नाही. भांड्यात जे दिसेल तेच.” गड्यानं ते शपथ घेतल्यासारखं मनावर घेतलं. रोज सकाळी धारा काढून यायचा, कुंपणाबाहेर चपला काढायचा, माझ्यापुढं वाकायचा, बाटलीतलं पाणी मापात ओतून डोळ्यासमोर धरायचा आणि फोनवरून प्रतिभाला आकडा पाठवायचा. चपला कशाला काढायचा कोण जाणे. मला मात्र फार भारी वाटायचं.

प्रतिभा नुसती आमच्या भरवशावर नव्हती. माहिती गोळा करायच्या तिच्याकडं नाना तऱ्हा होत्या. पारावरच्या आबा-आप्पांना बोलतं करायची. घरोघर जाऊन ठरलेले प्रश्न विचारायची. एका दुपारी ती मच्छिंद्रच्या वस्तीवरही आली. तो बाजाराला गेला होता. त्याची आई, सारजाबाई, दारात आली.

“आजी, घरात कोणी आहे का?” प्रतिभानं विचारलं.

“न्हाई गं बाय, कोणी न्हाई घरी,” सारजाबाई म्हणाली. आणि स्वतः उंबऱ्यात उभी!

“बरं, मग येते परत,” म्हणून प्रतिभा निघून गेली. मला तेव्हा हसू आलं. पुढं काय होणार आहे हे ठाऊक असतं तर हसलो नसतो.

त्या साली पावसानं पाठ फिरवली. रोज मी कोरडा, रोज शून्य. मच्छिंद्र वाकायचा, बघायचा आणि तोंड पाडून घरी जायचा. बाजरीनं मान टाकली. गावानं रिवाजाप्रमाणं महादेवाचा गाभारा पाण्यानं भरून देव कोंडला. सारजाबाईनंही त्यात आपला हंडा ओतला.

आणि एका सकाळी, सूर्य उगवता उगवता, ती तांब्या घेऊन माझ्याकडं आली. तुळशीला घालून उरलेलं पाणी होतं त्यात. तिनं ते हळूच माझ्या तोंडात ओतलं.

“रोज माझं पोरगं तुझ्या पाया पडतंय,” ती म्हणाली, “आन् तू आपला कोरडा. घे बाबा, पी.”

आणि तिनं माझ्या काठावरून हात फिरवला. मित्रांनो, माझ्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. अगं बाई, मी देव नाही, पोट भरून घ्यायला मी इथं उभा नाही, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण भांड्याला वाचा कुठली? आणि खरं सांगू, त्या गार पाण्यानं माझा जीव सुखावला.

थोड्या वेळानं मच्छिंद्र आला. बाटलीत पाणी! त्यानं आभाळाकडं पाहिलं, पायाखालच्या धुळीकडं पाहिलं. नरसाळ्यात तुळशीचं पान होतं, ते वाऱ्यानं आलं असेल म्हणून टिचकीनं उडवलं. पहाटं झोपेत असताना एखादी सर येऊन गेली असेल, तापल्या मातीनं पिऊन टाकली असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. दिसेल तेच कळवायचं ठरलं होतं, त्यानं कळवलं.

मग ज्या ज्या सकाळी तांब्यात पाणी उरायचं, त्या त्या सकाळी निमोण्यात पाऊस पडू लागला. खुटबाव कोरडं, इनामगाव कोरडं, पाऊस एकट्या मच्छिंद्रच्या रानात! प्रतिभाचे सर म्हणाले, हा माणूस घरात बसून आकडे ठोकून देतोय. प्रतिभानं खातरजमा करायला शेजारच्या इंद्रजीतला फोन लावला.

“पाऊस?” इंद्रजीत म्हणाला. “ताई, हितं धूळ उडतीय नुसती!”

इंद्रजीतच्या पोटात गोष्ट राहती तर काय हवं होतं! दुसऱ्या दिवशी डेअरीवर किटल्या घेऊन उभी असलेली माणसं मच्छिंद्रला विचारू लागली, “काय पाटील, आज किती पाडला?” “आमच्या उसावर बी दोन थेंब पाडा की, फोन करून!” पहिल्यांदा तो हसला. मग हसेना. मग सगळे गेल्यावर एकटाच दूध घालायला जाऊ लागला. आईला मात्र एका शब्दानं बोलला नाही. लाज वाटत असेल.

एकदा भरदुपारी तो कुंपणाला टेकून बसला. म्हणाला, “म्या एक बी आकडा खोटा धाडला न्हाई. तू तरी सांग की रं.”

त्याला खोटारडा ठरवलं होतं, आणि खरं काय ते साऱ्या शिवारात एकट्या मलाच ठाऊक होतं. पण मला बोलता येत नव्हतं. कोठीतली सगळी वर्षं एकीकडं आणि ती एक दुपार एकीकडं. एवढा एकटा मी कधीच नव्हतो.

शेवटी प्रतिभानं स्वतः डोळ्यांनी बघायचं ठरवलं. सर म्हणत होते निमोणे सोडून दे. पण तिचं मन मच्छिंद्रला खोटा म्हणायला धजत नव्हतं. ती कोणालाही न कळवता भल्या सकाळी आली आणि कडब्याच्या गंजीआड उभी राहिली. दिवस उगवला. सारजाबाई तांब्या घेऊन आली. ओतलं. हात फिरवला.

“आजी! हे काय करताय?”

सारजाबाई दचकली. “काय न्हाई गं. उपाशी हाय ते कवाधरनं. पोरगं येतं, वाकतं, आन् तोंड पाडून जातं.”

तेवढ्यात मच्छिंद्र आला. एक चप्पल काढलेली, एक पायात. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“आये,” तो म्हणाला, “समद्या गावात माझं नाव गेलं गं. खोटारडा म्हणत्यात मला.”

म्हातारीनं तांब्या खाली ठेवला. “तू कवा सांगितलंस मला, हे काय हाय म्हणून? चपला काढून वाकतोस. मला वाटलं देव हाय.”

मग प्रतिभा हळूच म्हणाली, “आजी, मी आले होते की तुमच्या दारात. तुम्हीच म्हणालात, घरात कोणी नाही.”

“मग कोण व्हतं?” सारजाबाई म्हणाली. “मी एकलीच तर व्हते.”

प्रतिभानं मान खाली घातली. त्याच सकाळी ती मच्छिंद्रबरोबर डेअरीवर गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “भांड्यात होतं तेच दादांनी कळवलं. दादांचा एकही आकडा खोटा नाही.” इंद्रजीतनं पुढं होऊन मच्छिंद्रची किटली उचलली. त्या हंगामाचं माझं मोजमाप मात्र वाया गेलं. आभाळाचं पाणी कुठलं आणि तांब्यातलं कुठलं, हे कसं निवडणार?

मच्छिंद्रचं नाव राहिलं. माझी सोबत तेवढी गेली. “माझ्यापायी लेकाला बट्टा लागला,” म्हणून सारजाबाई माझ्याकडं फिरकेना. तांब्यातलं शेवटचं पाणीही तुळशीलाच घालायची आणि बांधावरून जाताना लांबून वळसा घ्यायची. मी खरं मोजू लागलो, आणि मला करमेनासं झालं.

पुढं प्रतिभाचं संशोधन पुरं झालं. गावात खांबावर आपोआप मोजणारं यंत्र आलं, मच्छिंद्रचं येणंही थांबलं. तारा ढिल्या झाल्या, काठ काळवंडला, बाटली तडकली. गवत माझ्या कमरेला लागलं तरी कोणाचं लक्ष नाही.

यंदाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. काठी टेकत सारजाबाई कुंपणापाशी आली. आता ती पार वाकलीय. हातात तांब्या होता. गोठ्याकडं तोंड करून तिनं हाक दिली, “मच्छिंद्रा, आता मोजत न्हाई ना रं कोणी?”

“न्हाई आये,” गोठ्यातून आवाज आला. “वत तू.”

तिनं ओतलं. फुटक्या बाटलीतून ते पाणी खाली मातीत गेलं. काठावरून हात फिरवून ती बराच वेळ तिथंच उभी होती.

मित्रांनो, उद्या तुम्हीही शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती गोळा करायला निघाल. माप स्वच्छ ठेवा, दिसेल तेच लिहा, आणि काम झाल्यावर आम्हाला गंजत टाकू नका. पण एवढं माझं ऐका. कोणी दारात येऊन ‘घरी कोणी न्हाई’ म्हणालं, तर मागं फिरू नका. तिथंच ओट्यावर बसा, प्यायला पाणी मागा, आणि तिलाच विचारा.