फाटकवालीची भुवई

"ज्याने पुस्तक वाचलेलं नाही अशा कुणाला तरी पाठवा," लेखिकाबाई फोनवर म्हणाल्या होत्या. "वाचलेल्या माणसाने चेहरा शोधायला निघू नये. त्याच्याजवळचा हरवतो."

तिने तेव्हा हो हो म्हणून फोन ठेवला होता आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे बघून डोळे मिचकावले होते. म्हातारपण, दुसरं काय. आता त्याच लेखिकाबाईंच्या जेवणाच्या टेबलावर ती नट्यांचे फोटो मांडत होती. एकाच हाताने, कारण दुसरा हात छातीशी बांधलेल्या लेकीच्या पाठीवर होता. एक फोटो मांडून झाला की ती मान खाली घालून लेकीच्या नाकाशी बोटाचं पेर धरायची. श्वास लागला की पुढचा फोटो.

"झोपलीये ती," लेखिकाबाई म्हणाल्या. "सारखी हजेरी काय घेतेस?"

"सवय लागलीये."

"जात नाही ती सवय. माझा लेक आजोबा झाला, तरी मी त्याला जेवलास का म्हणून विचारते. मांड तू."

सिनेमासाठी नटनट्या शोधून देणाऱ्या कचेरीत ती काम करायची. बाळंतपणाची रजा संपल्यावर हातात आलेलं हे पहिलंच मोठं काम, आणि ते तिने हट्टाने मागून घेतलं होतं. पुस्तकाची गोष्ट तशी साधी. रेल्वेच्या फाटकावर एक बाई राखणीला असते. गाडी यायची झाली की फाटक पाडायचं, गेली की उचलायचं. एके दिवशी थांबलेल्या गाडीतून कुणीतरी एक पोर तिथे उतरवतं आणि गाडी निघून जाते. त्या पोराला न्यायला कुणी येतं का, एवढ्यावर सगळं पुस्तक. शाळेत असताना तिने ते पहिल्यांदा वाचलं. मग परीक्षेच्या आधी, लग्नाच्या आधी, पोटात लेक असताना. फाटकवाली तिला घरच्या माणसासारखी पाठ होती.

दिग्दर्शकाने निघतानाच बजावलं होतं.

"हे बघ, या पुस्तकाचे वाचक म्हणजे सासरची माणसं. कुठलीही सून आणा, नाक मुरडणारच. एकदा लेखिकाबाईंची मान हलली की आपण सुटलो. मान हलवूनच ये."

लेखिकाबाईंनी चष्मा कपाळावर चढवला, एकेक फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"या सगळ्याजणी एकाच दगडावर आपटल्या की काय?"

"म्हणजे?"

"जिच्या तिच्या डाव्या भुवईत खाच."

ती हसली. "ती मीच काढून घेतली, मेकअपवाल्याकडून. पुस्तकात आहे ना तशी."

"माझ्या पुस्तकात?"

"अहो, कंदिलाच्या प्रसंगात! पोराला ताप भरतो. फाटकवाली कंदील वर धरून त्याच्यावर वाकते आणि त्याला पहिल्यांदाच तिच्या भुवईतली खाच दिसते. तेवढ्या जागी केस उगवत नाहीत. ऑफिसात सगळ्यांनी पुस्तक वाचलंय, कुणी हरकत नाही घेतली."

लेखिकाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, आतून पुस्तक आणून तिच्यापुढे ठेवलं.

"काढ."

तिला शोधायची गरजच नव्हती. डोळे मिटून ते पान उघडता आलं असतं. तिने उघडलं आणि बोट ठेवून वाचलं. 'तिने कंदील वर धरला आणि पोराकडे पाहिलं. पोराने तिच्याकडे पाहिलं. बाहेर मालगाडी जात होती, जातच होती.' पुढचा परिच्छेद पोराच्या अंगावरच्या घोंगडीचा होता. तिने पान उलटलं. मागे आली. आणखी मागे गेली, जिथे फाटकवाली पहिल्यांदा येते तिथपर्यंत. निशाण होतं, वेणी होती, पायातल्या जाड वहाणा होत्या. भुवई नव्हती. नाक, डोळे, हनुवटी, काहीच नव्हतं.

"ही वेगळी आवृत्ती असेल."

"पहिली आहे. पुढच्याही सगळ्या अशाच." लेखिकाबाईंना आता हसू आवरेना. "तू एकटी नाहीस गं. मागे एक बस कंडक्टर आला होता. त्याच्या फाटकवालीला सोन्याचा दात. पान नंबरासकट भांडला माझ्याशी! एका डॉक्टरीणबाईंना तिच्या गालावर देवीचे वण दिसतात. आणि माझ्या सख्ख्या जावेला ती ठेंगणी, गोरीपान दिसते. म्हणजे थोडक्यात, जाऊबाई स्वतःच."

"मग खरी कशी आहे?"

लेखिकाबाई खिडकीकडे बघत राहिल्या. बाहेर रस्त्याच्या कामावरची माणसं सावलीत बसली होती.

"मला काय माहीत? मी तिला पाठमोरीच पाहिली. मी लिहायला बसायची तेव्हा ती गाडीकडे तोंड करून उभी असायची. पुढे जाऊन बघावं असं वाटायचं, पण धीर झाला नाही. शेवटचं पान लिहिलं तेव्हाही ती वळली नाही."

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढी ओळखीची बाई, आणि तिला तोंडच नाही. म्हणजे इतकी वर्षं कुठकुठल्या घरांत, कुठकुठल्या दिव्यांखाली माणसं त्या पानापाशी येत होती, कंदील वर धरत होती, आणि जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे प्रत्येकाला एक आख्खं माणूस दिसत होतं. दातासकट, वणासकट. आणि कुणीच खोटं बोलत नव्हतं. तिने पुस्तक मिटलं आणि नकळत दोन्ही हातांनी धरलं, भरलेलं भांडं धरावं तसं.

मग तिने मधला एक फोटो पुढे सरकवला.

"बाई, तुम्ही फोनवर म्हणालात तसंच झालंय. ही नटी फार चांगली आहे. टेस्टच्या वेळी ती निशाण घेऊन उभी राहिली आणि सगळा सेट चिडीचूप. पण तेव्हापासून पुस्तक उघडलं की हीच येते. माझी होती ती कशी होती, तेच आठवत नाही. आधी नाक गेलं. मग हसणं गेलं. आता एवढी खाच उरलीये." ती थांबली. "ही खाच पण पडद्यावर गेली की संपलं."

"ती खाच मी दिलेली नाही," लेखिकाबाई म्हणाल्या. "मग कुणाची आहे ते बघ."

लेक कुशीत चुळबुळली. ती वाकली, नाकाशी पेर धरलं आणि तिच्या तोंडून निघालं,

"आहेस ना गं?"

ती तशीच वाकलेली राहिली. हे शब्द तिचे नव्हते. हा हेलही तिचा नव्हता.

लांब काकू. तिची आई कामावर गेली की खालच्या मजल्यावरच्या या काकूंकडे ती दिवसभर असायची. काकू इतक्या उंच, की कुठल्याही दारातून जाताना मान लववायच्या, मोकळ्या मैदानातसुद्धा लववतील असं लोक म्हणायचे. कपाटांची दारं मात्र उघडी टाकायच्या आणि मग त्यांवरच जाऊन आदळायच्या. "माझं नि या कपाटाचं मागच्या जन्मीचं वैर आहे," असं म्हणत एकदा त्यांनी रक्ताळलेली डावी भुवई पदराने दाबून धरली होती. पुढे तिला गोवर निघाला. वीज गेलेल्या संध्याकाळी काकू बॅटरी वर धरून तिच्यावर वाकल्या, नाकाशी बोट नेलं. आहेस ना गं? त्या उजेडात भुवईतली ती बिनकेसांची जागा चकाकली होती.

आणि हळूहळू नाक परत आलं. मग हनुवटी. मग ओठ मुडपून हसणं. सगळं जिथल्या तिथे.

नटीचा फोटो उचलून लेखिकाबाईंनी एकदा मान हलवली.

"हिला घ्या. माझं काही जात नाही. माझी पाठमोरीच राहील."

जिना उतरता उतरता तिने दिग्दर्शकाला फोन लावला.

"मान हलली."

"जियो! आणि ती खाच? बाईंना आवडली ना? पोस्टरवर मोठी घेऊ या."

"खाच काढून टाकायची."

"अगं, पण पुस्तकात आहे!"

"नाहीये. हवं तर वाचून बघा," ती म्हणाली. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत तिने दुसरा फोन लावला. "आई, लांब काकू कुठे असतात गं आता?"

"आज अचानक? अगं, ती इमारत पाडली ना. भाच्याकडे गेल्या म्हणे. मग भाच्याचीही बदली झाली. का गं?"

"काही नाही. त्यांचा नंबर?"

"लागत नाही तो. मी करून बघितला होता मागे."

सिनेमा लवकरच लागेल. त्यात फाटकवालीची भुवई अखंड आहे, आणि तिच्या चेहऱ्यावरून वाचकांची भांडणं आत्ताच सुरू झाली आहेत. ती त्यांत पडत नाही. ती अजून पत्ता शोधते आहे. जिथे जाईल तिथे विचारते, म्हणून इथेही विचारते. तुमच्या जिन्यात, तुमच्या गल्लीत कुणी खूप उंच म्हातारी बाई राहायला आली असेल, दारातून जाताना मान लववणारी, डाव्या भुवईत जराशी खाच असलेली, तर एकदा बेल वाजवून बघा. बऱ्या आहेत ना, विचारा. आणि निघताना तेवढं स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार लावून या. त्या उघडंच ठेवतात.