गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नाही

प्रचाराची मिरवणूक सात रस्ता चौकाकडून वळली तेव्हा चनबसप्पांच्या छातीत धडधड सुरू झाली, आणि ती काही ढोलांमुळं नव्हती. उघड्या जीपमध्ये ते गळ्यात हार घालून उभे होते, हात जोडलेले, चेहऱ्यावर दुकानातलं हसू. या रस्त्याच्या टोकाला त्यांचंच दुकान होतं.

बार्शीच्या बाजारात सायकलवरून चादरी विकणारा हा माणूस तीन मजली कापड दुकानाचा मालक झाला, तो एका सवयीच्या जोरावर. गिऱ्हाईकाला 'नाही' म्हणायचं नाही. बाईनं हिरवी साडी मागितली आणि हिरवी नसली, तरी 'व्हय की, काढतो' म्हणायचं, आणि निळी अशी झोकात उलगडायची की बाई हिरवी विसरूनच जायची. मग पक्षाची माणसं आली. संस्कार, जुनी रीत सांभाळणारा पक्ष. चनबसप्पांना, सगळ्यांच्या आप्पांना, रीत आवडायचीच, आणि शेठचा साहेब झालेला कुणाला नको असतो? महापालिकेचं तिकीट मिळालं.

गाडी घसरली ती परवाच्या बैठकीत. युवा आघाडीचा बिरुदेव उठून म्हणाला, "आप्पा, दुकानांच्या काचंत गाऊन घातलेले बायकांचे पुतळे उभे करत्यात. त्याच रस्त्यानं आपल्या आयाबहिणी जात्यात. हटवायचे का न्हाय?"

"व्हय की, हटवलेच पायजेत!" आप्पा म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. आपल्या दुकानातले तसले पुतळे आपली सून सुकन्याच सजवते, हे त्यांना टाळ्या थांबल्यावर आठवलं.

आता मिरवणुकीतली पोरं वाटेतल्या दुकानांमधले पुतळे हटवत चालली होती, तेव्हा आप्पांनी जीपमधूनच सुनेला फोन लावला. "सुकन्या, पुतळे आत घे गं. शटर ओढ."

"का म्हणून? मी काय चोरी केली? दुकान तुमचं, माणसं तुमची. तुमीच नको म्हणा की त्यांना."

"अगं, मागच्या दुकानाची काच फोडली त्यांनी. तितल्या पोरीला लागलंय."

"मग तर मी हितनं हलत न्हाय, आप्पा. आत कामावरच्या पोरी हायत, गिऱ्हाइकं हायत. आनि तुमी हाय न्हवं बाहेर?"

फोन बंद झाला. आप्पांना वाटलं, पोरीनं भिऊन पळ काढला असता तर बरं झालं असतं.

जीप थांबली. आप्पा धडपडत उतरले आणि काचेसमोर जाऊन उभे राहिले. आत दोन पुतळ्यांच्या मधे सुकन्या उभी होती, पदर खोचून. इकडं पोरांच्या हातात दगड होते. बिरुदेवनं मोठ्या अदबीनं हात जोडले.

"आप्पा, तुमचंच दुकान सोडलं तर उद्या लोक तोंडात शेण घालतील. जरा बाजूला व्हा."

आप्पांना एक शब्द बोलायचा होता, लहान लेकरालाही येतो असा. पण समोर मतदार होते, आणि आप्पांच्या लेखी मतदार म्हणजे गिऱ्हाईकच. ते भ्याले, मनापासून भ्याले; पोरांना की निवडणुकीत पडायला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"व्हय," ते म्हणाले, आणि त्यांचे पाय बाजूला झाले.

काच खळकन खाली आली. आत बायका किंचाळल्या. पुतळे बाहेर ओढले गेले, तुडवले गेले. कुणीतरी आप्पांच्या गळ्यात दुसरा हार घातला, 'असा नेता पायजे' म्हणून घोषणा झाली, आणि मिरवणूक ढोल बडवत पुढं निघून गेली. जीपही गेली.

सुकन्या पायरीवर बसली होती. कपाळाला तिनं टॉवेल दाबून धरला होता आणि तो लाल होत चालला होता. कामावरच्या पोरी तिच्याभोवती रडत होत्या. ती रडत नव्हती. तिनं मान वर करून सासऱ्याकडं नुसतं पाहिलं, आणि चनबसप्पांना स्वतःच्या दुकानाची पायरी चढायची भीती वाटली.