छातीचं हाड

चिमणीचं पीस ते केवढं! पण राफिकाच्या नजरेतून ते सुटलं नाही. बलगासमकाका नुकतेच उठून गेले होते आणि ते बसतात त्या चटईच्या विणीत ते अडकलं होतं. तपकिरी, मुळाशी अजून ओलसर. तिनं ते चिमटीत धरलं आणि कोपऱ्यातल्या दांडीकडे पाहिलं. ससाणी एका पायावर उभी होती. दुसरा पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतलेला, डोळे अर्धे मिटलेले. भुकेलं पाखरू असं सुखानं उभं राहत नाही, एवढं हवारियासारख्या ससाणे पाळणाऱ्या गावात सून म्हणून आलेल्या बाईला दोन वर्षांत कळतंच.

आणि तिच्या नवऱ्यानं, हम्मादीनं, पहाटे होडीवर जाताना बजावलं होतं, "आज हिच्या चोचीला काही लावायचं नाही. कुणीही. शुक्रवारी दोरी सोडायची आहे."

सोळा दिवसांपूर्वी त्यानं तिला डोंगरावर जाळ्यात धरलं होतं. रानातून आलेलं पाखरू माणसाळायचं तर ते तासन् तास हातावर बसलं पाहिजे. त्यानं भांड्यांचा आवाज ऐकला पाहिजे, रडणारं मूल पाहिलं पाहिजे. हम्मादी दुपारपर्यंत समुद्रात. म्हणून सकाळी बलगासमकाका येत, चामडी हातमोजा चढवून तिला घेऊन बसत. अर्ध्या गावाला त्यांनीच शिकवलेलं, हम्मादीलाही. शुक्रवारी जवाच्या शेतात, सगळ्यांसमोर, ससाणी पहिल्यांदा दोरीशिवाय उडणार होती. पोट भरलेलं असेल तर ती हाकेला कशाला येईल? सरळ डोंगराकडे निघून जाईल. डोंगरावरून जाणाऱ्या पाखरांचा हंगामही ओसरला होता, दुसरं धरायला मिळणार नव्हतं. ही गेली की हम्मादीचं हे वर्ष गेलंच.

काकांना ते हवंच असेल तर?

गेल्या जूनमध्ये ससाण्यांच्या जत्रेत हम्मादीच्या तेव्हाच्या पाखरानं तीन लावे धरले होते, आणि काकांचं पाखरू जाऊन मशिदीच्या मिनारावर बसलं होतं, ते संध्याकाळपर्यंत. कॉफीच्या दुकानात लोक अजून विचारत, "काका, तुमचं पाखरू बांग द्यायला लागलं का?" काका हसत. राफिकाला ते हसणं कधीच खरं वाटलं नव्हतं.

तिनं पीस रुमालाच्या टोकाला बांधून ठेवलं आणि सिरीनला पाजायला घेतलं. सिरीन सात महिन्यांची. गेले दोन सोमवार दवाखान्यातल्या काट्यावर तिचं वजन तिथल्या तिथे होतं. नर्सबाई म्हणाल्या होत्या, होतं असं. राफिकाला ते 'होतं असं' रात्रंदिवस टोचत होतं.

संध्याकाळी हम्मादीनं नेहमीप्रमाणे ससाणीला डाव्या हातावर घेतलं आणि उजव्या हाताचा अंगठा तिच्या छातीच्या हाडावरून फिरवला. इथे वजनकाटा कुणी वापरत नाही. पाखरू किती भरलंय ते अंगठाच सांगतो.

"अजून चरबी आहे," तो म्हणाला. "काल दोरीवर अर्ध्या वाटेत खाली बसली. माज आहे, दुसरं काय! उद्या आणखी कमी." मग वर पाहून, सावकाश, "घरात कुणी तिला खायला घालतंय का?"

"माझ्याकडे काय बघतोस? मी तिच्या जवळून जाताना पदर सांभाळून जाते."

"शेजारीण येते तुझी. तिला मांजरांचा फार कळवळा."

"तिच्यावर कशाला घसरतोस?" रुमालाची गाठ तिच्या मुठीत होती. पण एका पिसावर म्हाताऱ्या माणसाचं नाव घ्यायचं म्हणजे दोन घरं कायमची तुटायची. उद्या डोळ्यांनी पाहू, मग बोलू.

दुसऱ्या दिवशी काका येऊन बसल्यावर ती मोठ्यानं म्हणाली, "शेजारून यीस्ट घेऊन येते हो, काका. सिरीन झोपलीय." दार ओढून घेतलं आणि घराला वळसा घालून मागच्या खिडकीशी उभी राहिली. मुलीला परक्याच्या हवाली करून आपणच चोरासारखे उभे आहोत, असं मनात येत असतानाच तिनं फटीला डोळा लावला.

काकांनी आधी दाराकडे पाहिलं. मग अंगरख्याच्या खिशातून सोललेली चिमणी काढली. नखाएवढे तुकडे करून ते भरवू लागले, मध्ये थांबून, पुन्हा एक. ससाणी तुकडा ओढून घेत होती.

राफिका तडक आत गेली. "सापडलात, काका!"

"दार लाव. मूल झोपलंय." त्यांचा हात थांबला नाही.

"लाज नाही वाटत? त्यानं तुम्हाला बापाच्या जागी मानलं. एक मिनाराची गोष्ट पोटात ठेवून तुम्ही..."

"झालं बोलून? आता इकडे ये. अंगठा दे."

"मी तिला हात लावणार नाही."

"जिभेनं एवढं धाडस केलंस, आता अंगठ्यानं कर." त्यांनी तिचा हात धरला आणि पिसांच्या आत नेला. तिथे मांस नव्हतंच. हाड होतं, सुरीच्या धारेसारखं उभं.

"मुलीला दर सोमवारी तोलायला नेतेस ना?" काका म्हणाले. "हिला कोण तोलतं?"

"हम्मादी. रोज संध्याकाळी."

"हम्मादी," काका म्हणाले, आणि पुढचा तुकडा तिच्या चोचीशी धरला. "परवा दोरीवर अर्ध्यात बसली, ते माजानं नाही. तिच्यात तेवढंच बळ होतं. शुक्रवारपर्यंत ही टिकायची नाही, पोरी."

"मग त्याला सांगा की!"

"काय सांगू? माझंच पाखरू मिनारावर बसलं, आणि मी म्हणू की तुझा हात चुकतोय? तो काय म्हणेल, सांग."

मघाशी मी म्हणाले तेच म्हणेल, राफिकाच्या मनात आलं. पण तिचा अजून विश्वास बसला नव्हता. ससाणीचं हाड कसं लागायला हवं, हे तिला कुठे माहीत होतं? सगळ्यांचंच तसं लागत असेल. म्हाताऱ्यानं वेळ मारून नेली असेल. काका गेल्यावर तिनं अंगणातली कोंबडी धरून तिची छाती चाचपली. गुबगुबीत होती. त्यानं काहीच ठरत नव्हतं.

मग तिला आंघोळीचं पाणी आठवलं. दहा दिवसांपूर्वी हम्मादीनं टबात अंगठा बुडवून "कोमट आहे" म्हटलं होतं, आणि तिनं सवयीनं कोपर घातलं तेव्हा चटका बसला होता. त्या दिवशी ती त्याला नाही नाही ते बोलली होती, लक्ष सगळं पाखरात म्हणून. जानेवारीत होडीवर दोर ओढण्याच्या यंत्रात त्याचा उजवा अंगठा चेंगरला होता. पट्टी निघाली, काळं नख गळून नवं आलं. "ठीक आहे," तो म्हणाला होता, आणि हात खिशात घातला होता.

संध्याकाळी तिनं चहा उकळून उकळून केला आणि बिनकानाचा ग्लास काठोकाठ भरून त्याच्यापुढे ठेवला. तो हातमोजा शोधत होता. त्यानं न बघता उजवा हात ग्लासला घातला, चार बोटं एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला चपखल टेकलेला. बोटं चटकन उचलली गेली. अंगठा तिथेच राहिला, जणू त्याला काही लागलंच नव्हतं.

राफिका ते बघत राहिली. नवऱ्याची अशी परीक्षा घेताना तिला स्वतःचीच किळस आली.

"हम्मादी, पाखरू माझ्या हातावर दे."

तो हसलाच. "तुझ्या? तू किंचाळशील, ती उलटी लटकेल, आणि सिरीन गाव गोळा करील."

"दे म्हणते ना."

तिनं हातमोजा चढवला. ससाणी सरकून तिच्या मनगटावर आली तेव्हा चामड्यातूनही नख्यांची पकड कळली. ते पिवळे डोळे तिच्या डोळ्यांपासून वीतभर दूर होते. तिचं सगळं लक्ष पाळण्याकडे होतं, पण हात तिनं हलू दिला नाही.

"आता डाव्या अंगठ्यानं बघ."

"का?"

"बघ तरी."

त्यानं बघितलं. मग उजव्यानं. मग पुन्हा डाव्यानं, आणि तो अंगठा बराच वेळ तिथून हलला नाही. ससाणीनं पिसं फुगवली. बाहेर कुणीतरी गाढवावर ओरडत होतं.

"कधीपासून माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"आंघोळीच्या पाण्यापासून. म्हणजे माहीत नव्हतं. आज कळलं."

"होडीवरच्या कुणाला बोललीस?"

"मी कशाला बोलू?"

"काकांना?"

तिनं मोकळ्या हातानं रुमालाच्या गाठीतलं चिमणीचं पीस पुढे केलं. "काकांच्या चटईत सापडलं." त्यानं ससाणीच्या पायातल्या चामडी वाद्या राफिकाच्या बोटांतून सोडवून तिला स्वतःकडे घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. तिकडेच बघत म्हणाला, "म्हणजे तो म्हातारा तिला भरवत होता. म्हणून ती अजून उभी आहे." त्याच्या आवाजात राग होता की आणखी काही, ते राफिकाला ओळखता आलं नाही.

सकाळी तो होडीवर गेला नाही. बलगासमकाका आले, त्याला दारात पाहून थबकले आणि त्यांनी राफिकाकडे असं पाहिलं, जणू तिनंच घात केला होता.

"काका, खिशात काय आहे?" हम्मादीनं विचारलं.

"तंबाखू."

"तंबाखूला पंख फुटले का तुमच्या? काढा. दोन असतील तर दोन्ही काढा."

काकांनी काढल्या. दोन होत्या.

"आणि शुक्रवार?" ते चटईवर टेकत म्हणाले.

"शुक्रवार दर आठवड्याला येतो." हम्मादीनं हातमोजा उजव्या हातात ओढला. तो उलटा बसत होता, बोटं जाईनात. ससाणी नव्या हातावर यायला तयार होईना, दोनदा फडफडून दांडीवर परत गेली. तिसऱ्यांदा ती आली. हम्मादीचा डावा अंगठा मोकळा झाला.

दुपारी सिरीनच्या टबात त्यानं तोच डावा अंगठा बुडवला. "कोमट आहे."

"असेल," राफिका म्हणाली, आणि बाही वर सरकवून तिनं पाण्यात कोपर घातलं.