सुईच्या भोकातली जमुना

अमरावतीच्या शाळेत मास्तरांनी पोरांना कागदी पेटी करून तिच्यातून घरचं चित्र उतरवून आणायला सांगितलं होतं. सारजाबाईच्या पुंजाजीनं बाळापुरी कागद खळीनं चिकटवला, आतून काजळ फासलं, पुढं सुईनं भोक पाडलं, मागं तेलकट कागद लावला. कापसाच्या गाडीपाशी त्याची वहिनी जमुना उभी होती, तिच्यावर पेटी रोखून म्हणाला, "माय, पाह्य बरं!"

सारजाबाईनं पदर डोक्यावरून ओढून डोळा लावला. नऊ महिन्यांची गरोदर सून खाली डोकं, वर पाय अशी लटकलेली!

सारजाबाईची थोरली लेक पायाळू लेकराच्या बाळंतपणातच गेली होती. आता सून उलटी, म्हणजे पोटातल्या लेकराचेही पाय खाली आले.

"काय करून ठेवलं रे मुडद्या?"

"उजेड उलटाच पडते, माय."

"घाल तुह्या मास्तरचा उजेड चुलीत! सरळ कर तिले!"

तिनंच पेटी हिसकावून उलटी धरली. सून तरी तशीच लटकलेली.

"थांब," म्हणत पुंजाजीनं तेलकट कागदावर कोळशानं जमुना उतरवली, कागद काढून फिरवला. जमुना पायांवर उभी राहिली.

"दे इकडं. बाळंतीण होईलोक हा माह्यापाशी राहीन."

"मास्तरले काय दाखवू?"

"तुहं थोबाड दाखव!"

दोन्ही हातांत तो कागद सरळ धरून ती ओसरीवर बसली. जमुनानं पाणी आणलं, पण कागदावरचा एक हात सोडायची सासूची हिंमत झाली नाही. सुनेनंच तांब्या तिच्या तोंडाला लावला.