एकटीचा फोटो

तेराव्याच्या सकाळी वसमतहून जळबा फोटोग्राफर मायचा फोटो घेऊन आला. मोठी सोनेरी फ्रेम, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. त्यानं कागद सोडला आणि ओसरीवरच्या बाया पुढं सरकल्या. फोटोतली माय खळखळून हसत होती.

"चंद्रभागाबाईला असं हसताना कुनी पाह्यलं न्हाई," शेजारच्या सरिताबाई म्हणाल्या.

मी पाहिलं होतं. मीच हसवलं होतं.

दीड महिन्यापूर्वी शिवहारदादाचा फोन आला होता. "राधे, आपल्या सगळ्यांचा मिळून एक बी फोटो न्हाई. रविवारी ये." आमच्या घरात फोटोचं कौतुक कधीच नव्हतं. भिंतीवर आजीचा तेवढा एक, तोही कुणाच्या तरी लग्नाच्या घोळक्यातून कापून मोठा केलेला. आजीच्या खांद्याशी मायच्या लुगड्याचा काठ तसाच राहिला आहे. "सासूच्या हारात मी बी अडकले," असं माय म्हणायची. दादाला हे सुचलं याचंच मला अप्रूप वाटलं आणि मी नाशिकहून आनंदानं आले.

मायला कॅमेऱ्याची धास्ती. कुणी मोबाइल समोर धरला तरी तहसीलदारापुढं उभी असल्यासारखी ती ताठ व्हायची. म्हणून त्या दिवशी मी तासभर आधीच तिच्यापाशी बसले. केस विंचरले, हिरवं लुगडं नेसायला मदत केली. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या.

"माय, किती वाळलीस."

"मेंढरामागं फिरून कोन जाड झालंय?"

मी हसले. विषय तिथंच संपला.

जळबानं अंगणात निंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. आमचे वडील बापू, दादा, कोमलवहिनी, सगळे तयार. माय मात्र खुर्चीच्या कडेवर, हात गुडघ्यांवर घट्ट. मी तिचा पदर नीट केला आणि कानाशी वाकले. आमचा एक जुना खेळ होता. नवं माणूस दारात आलं, की ते कळपातल्या कुठल्या मेंढीसारखं दिसतं ते मायनं सांगायचं. शंभरेक मेंढरं ती तोंडावरून ओळखायची.

"हा जळबा कोनासारखा गं?"

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "आपली ती लांब कानाची न्हाई का? मीठ चाटताना अस्साच एक डोळा मिटती."

कॅमेऱ्यामागं जळबाचा एक डोळा खरंच मिटलेला होता. आम्हा दोघींना हसू आवरेना. तिचे खांदे सैल झाले, ती खुर्चीत मागं टेकली. "आधी मावशींचा एकटीचा घेऊ," जळबा म्हणाला. "अशीच राहा माय," म्हणत मी बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत निघाले. एसटी स्टँडवर सोडायला दादा होता, पण माय फाटकापर्यंत आली.

"कवा येशील?"

"शिमग्याला."

"ये," ती म्हणाली.

शिमगा यायच्या आधीच दादाचा फोन आला. झोपेतच गेली, एकाएकी.

आता जळबा चहा पीत माझ्याशी बोलत होता. "बरं झालं ताई, हसलेला मिळाला. शिवहारभाऊंनी सांगितलंच व्हतं, मायचा कॅन्सर लई वाढलाय, बसवत न्हाई, एकटीचा आधी काढ. आन् बहीण आल्याबगर सुरू करू नको म्हनले, तीच हसविती तिला."

मी कपबशी खाली ठेवली.

दादा वाड्यात मेंढरांना पाला टाकत होता.

"वसमतच्या फोटोवाल्याला ठाऊक, दादा. मला न्हाई."

त्यानं हातातला पाला तसाच धरला. "तुला सांगितलं असतं तर तू हसविलं असतं का तिला?"

"मी राह्यले असते. रजा काढून इथं राह्यले असते."

त्यानं पाला मेंढरांपुढं टाकला. मग म्हणाला, "मायनंच शपथ घातली व्हती. राधीला कळलं तर तिचं तोंड रडकं येईल फोटोत, म्हनली."

म्हणजे फाटकाशी उभी असताना तिला माहीत होतं. पुस्तकांत मरणाऱ्या माणसांचे शेवटचे शब्द मी पुष्कळ वाचले आहेत. माझ्या वाट्याला 'ये' एवढं एकच अक्षर आलं, आणि तेही खोटं. त्या सकाळी घरातल्या चारही माणसांना तो शेवटचा निरोप आहे हे ठाऊक होतं. मी फक्त एसटी पकडत होते.

ओसरीवर परत आले तेव्हा दादा फ्रेमसाठी खिळा शोधत मागून आला. मी जळबाला विचारलं, त्या दिवशीचे सगळे फोटो आहेत का. त्यानं मोबाइल पुढं केला. मी एकेक सरकवत गेले. एकात मी मायचा पदर नीट करते आहे, माझी पाठ कॅमेऱ्याकडं. माझ्या खांद्यावरून मायचा चेहरा दिसतो. ती माझ्याकडं बघते आहे. माझं लक्ष पदराच्या काठाकडं आहे, म्हणून तिनं चेहऱ्यावरचं सगळं उतरवून ठेवलं आहे.

"तो बिघडलाय ताई," जळबा म्हणाला. "मावशींचं तोंड बी कसंतरीच आलंय."

"मला हा पाहिजे."

"बरं. तुमाला कापून काढतो मग. एकटीचा करून देतो."

"नको," मी म्हणाले. "माझी पाठ राहू द्या."