सांडोरच्या जगन्नाथाच्या यकृताचा काप

मी जगन्नाथाच्या यकृताचा काप बोलतोय. केसाहून पातळ, दोन काचांत दाबलेला, जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवलेला. नाक मुरडू नका. सांडोर गावात केळीची बाग पिकवणाऱ्या माणसाच्या बरगडीखाली मी जन्मभर मुकाट राबलो.

चोपन्न सालच्या थंडीत त्याला ताप भरला. मी सुजलो, त्याचे डोळे पिवळे झाले. बापाने, एकनाथरावांनी, त्याच्या गळ्यात ओल्या काड्यांची काविळीची माळ घातली. माळ रोज लांबायची. "बेंबीपर्यंत आली! उतरली कावीळ," म्हातारा गावभर सांगत सुटला. अहो, ओल्या काड्या वाळून आखडल्या की दोरा सैल पडणारच! पण मोठ्यांना सांगणार कोण? त्यांना अक्कल केसांबरोबर पिकून मिळते ना! माळ लांबत गेली, जगन्नाथ खंगत गेला. वर त्याची आई त्याच्या बायकोला, सुमनला, म्हणाली, "सुमे, तुझा पायच पांढरा."

मुंबईच्या इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टरांना अंगात कुठे गाठ सापडेना, आजार कळेना. जगन्नाथ सुमनला म्हणाला, "मी गेलो तर मला उघडून बघायला सांग. नाहीतर घरचे जन्मभर तुलाच खातील."

तो गेला. एकनाथराव ओरडले, "माझ्या पोराला फाडायचं नाही!"

"माळ घातलीत तेव्हा मी गप्प बसले, मामंजी," सुमन म्हणाली. "आता तुम्ही बसा." आणि तिने शवविच्छेदनाच्या कागदावर सही केली.

काय बाई! डोक्यावर पदर, पण आवाज जराही हलला नाही.

पुढे डॉक्टरांनी सुनेला नि सासऱ्याला बोलावून मला भिंगाखाली ठेवलं. "हा कर्करोगच. पण गाठ न करता रक्ताच्या बारीक नळ्यांतच गच्च भरलाय. फार दुर्मिळ. याला अजून धड नावसुद्धा नाही."

सुमनने भिंगाला डोळा लावला. "पाट तुंबलाय," ती म्हणाली. "वरून वाफ्याकडे बघून कळणार कसं?"

"अगदी तसंच."

"डॉक्टर, हे माझ्या पायाने आलं?"

ते चमकले. "छे! कुणाच्याच पायाने नाही."

"ऐकलंत, मामंजी? घरी हे तुम्ही सांगायचं. आईंसमोर, सगळ्यांसमोर."

म्हातारा वाकला, त्याने एक डोळा मिटून माझ्याकडे बघितलं. पोराला शेवटचं बघावं तसं. मग खालमानेने म्हणाला, "सांगतो, सूनबाई."

आता मी लाकडी पेटीत पडून असतो. रंग विटत चाललाय, काचेवर आजाराचं नाव अजून कुणी लिहिलेलं नाही. माझं सोडा. पण पुढच्या पिवळ्या माणसाच्या गळ्यात माळ घालण्याआधी, आणि त्याच्या बायकोच्या पायांकडे बघण्याआधी, मला एकदा उजेडात धरा.