आईकडून नमस्कार

आमच्या सरकारला पलीकडच्या लोकांचं प्रेम हवं होतं. तोफांनी ते मिळेना, म्हणून रेडिओ लावला आणि त्या रेडिओवर मला बसवलं. रोज संध्याकाळी सहाला, पंधरा मिनिटं. पलीकडची भाषा आमचीच, मधे फक्त एक नदी आणि तिच्यावरचा बंद पूल. आमचे दवाखाने कसे, शाळा कशा, आणि तुमच्यावर आमचा मुळीच राग कसा नाही, हे मी साखर पेरत सांगायची. कार्यक्रमात माझं नाव 'धाकटी'.

शेवटचं वाक्य वरून ठरून आलेलं: "आमच्या घरून, आईकडून, दादाकडून आणि माझ्याकडून तुमच्या घराला नमस्कार." आमचा देश म्हणजे एक प्रेमळ घर, असं दाखवायचं होतं ना!

श्रोत्यांची पत्रंही वाचायची. पण टपालच बंद. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग ती आम्हीच लिहायचो. माझ्या वाटणीला आठवड्याला चार. कधी पलीकडची शिक्षिका व्हायचं, कधी पलीकडचा न्हावी. साहेब लाल पेन्सिलीने तपासायचे. "न्हावी फार शहाणा झालाय, जरा कमी कर," म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं गोडच लागायचं.

आता खरं सांगते. माझी सख्खी ताई पलीकडे आहे. लग्न होऊन गेली आणि दुसऱ्याच वर्षी पूल बंद झाला. त्याला एकोणीस वर्षं झाली. नोकरीच्या अर्जात 'पलीकडे नातेवाईक?' असा रकाना होता, तिथे मी 'कोणी नाही' लिहिलं. खोटं बोल पण रेटून बोल. नाहीतर मला दारातही उभं केलं नसतं, आणि मला त्या माइकसमोर बसायचं होतं ते तिच्याचसाठी. देश वगैरे नंतर.

मी कामाला निघाले की आई आतून ओरडायची, "आईने लेकीला कसला मेला नमस्कार? आशीर्वाद म्हण!" साहेबांना तो चालला नसता. पण नमस्कार म्हणताना माझ्या मनात तिचा आशीर्वादच असायचा.

आई गेली त्याला अकरा महिने झाले. वाक्य तेच राहिलं आणि मीही म्हणत राहिले.

परवा टपालात एक पाकीट आलं, तिसऱ्याच देशाचं तिकीट लावलेलं. अक्षर बघितलं आणि मी ते उभ्याउभ्याच फाडलं. ताई!

"धाकटे, आवाज पहिल्याच दिवशी ओळखला. तुझे दवाखाने-बिवाखाने मी ऐकत नाही, तेवढ्यात भांडी घासून घेते. तू 'आईकडून' म्हणालीस की मगच जेवायला बसते. पण दादा तर आपल्याला नाहीच, म्हणून शंका येते. आई खरंच सांगते, की तिलाही कागदावरच लिहिलंय? ती नसेल तर तेवढा शब्द गाळ, मला कळेल. खोटं नको गं. इथलाही रेडिओ दिवसभर गोडच बोलतो."

पत्र पोचलं हे तिला कळायचं तर ते रेडिओवर वाचायला हवं, आणि वाचायचं तर साहेबांची सही हवी. मी ते टाइप केलं आणि माझ्या चार पत्रांत घालून दिलं.

"बहीण! वा, कल्पना झकास आहे," साहेब म्हणाले. "पण जरा रडकं झालंय. खऱ्या बायका असं लिहीत नाहीत." मग पेन्सिल चालली. भांडी गेली, दादा गेला, आईही गेली. त्याजागी आलं: 'तुमचे दवाखाने ऐकून डोळे भरून येतात.' हसावं की रडावं मला कळेना.

सहाला मी ते वाचलं. "धाकटे, आवाज पहिल्याच दिवशी ओळखला," एवढीच ताई त्यात उरली होती. दवाखान्यांशी आवाज कापला. साहेबांनी काचेतून शाबासकीचा अंगठा वर केला. त्यांना वाटलं, काय अभिनय करते!

मग शेवटचं वाक्य आलं. 'आईकडून' जिभेवर होतं. ते म्हटलं असतं तर ताई आजही जेवायला बसली असती. आणि मला कुठे ते सोडवत होतं? अकरा महिने आई माझ्यासाठीही तेवढ्या एका शब्दात जिवंत होती. ताईच्या गळ्यात पडून रडायचं होतं मला, आणि माझ्यासमोर होता माइक.

"आमच्या घरून," मी म्हटलं, "दादाकडून आणि माझ्याकडून तुमच्या घराला नमस्कार."

लाल दिवा विझला. साहेब आत आले.

"अगं, आज आईला विसरलीस?"

"हो, साहेब."

"उद्या लक्षात ठेव हं. आई नसली की घर घर वाटत नाही."

मी मान हलवली. घड्याळात सहा वाजून सोळा मिनिटं झाली होती. पलीकडे ताईची भांडी घासून झाली असतील.